रॅली-रेड रायडर: हे पोटापाण्याचं करिअर होऊ शकतं का?

रेवती_क
नमस्कार मंडळी. माझा भाचा सतरा वर्षांचा आहे. लहानपणापासून मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या बाइकच्या शर्यती) करतो, त्याच्या वयोगटात बऱ्यापैकी नंबरात येतो. आतापर्यंत घरात सगळे कौतुकच करत होते. आता त्याने जाहीर केलंय की ट्रॅकवर गोल गोल फिरण्यात त्याला रस राहिलेला नाही, डकारसारख्या वाळवंटातल्या, दिवसेंदिवस चालणाऱ्या रॅलींत उतरायचंय आणि तेच करिअर करायचंय. तेव्हापासून ताई आणि भाओजींची झोप उडालीय.

मी मध्ये सापडलेय. त्याला माझं ऐकायची सवय आहे आणि ताईला माझ्यावर चिडायची. बाइकमधलं मला ओ की ठो कळत नाही. व्हिडिओत दिसतं ते एवढंच की माणूस वाळूत उडतो, आपटतो, उठतो आणि गाडी उचलून परत निघतो. मला त्यामागचं हवंय. यात पगार असतो का? असेल तर कोण देतं? किती वयापर्यंत चालतं? मोटोक्रॉसमधला वेग तिथे कामाला येतो का? "धोका आहे, करू नको" हे सांगायला घरात पुरेशी माणसं आहेत, तेवढं सोडून काहीही लिहा.

टिवल्याबावल्या
पुरुषाने वाट चुकली तरी कुणाला विचारायची नाही, हा नियम घरोघरी आहेच. त्याचीच स्पर्धा भरवून बक्षीस देतात, त्याला रॅली-रेड म्हणतात.

गिअरबदल
रेवतीताई, आधी पगाराचं बोलतो. डकारला बाइकच्या गटात शंभराच्या वर लोक सुटतात. त्यांतले पगारी मोजकेच. केटीएम, होंडा, हीरो, शेरको अशा टीमांचे. यांना वर्षाचं मानधन, निकालावर बोनस आणि हेल्मेट-कपडे-पेयांचे प्रायोजक वेगळे. बाकी सगळे पदरचे घालून येतात. नुसती प्रवेश फी पंधरा हजार युरोच्या वर जाते. गाडी, सुटे भाग, मेकॅनिक, त्याचा प्रवास हे सगळं त्यानंतर सुरू होतं.

नुसत्या बक्षिसाच्या रकमेवर घर चालवणारा रॅली रायडर माझ्या तरी ऐकण्यात नाही. पैसा करारातून येतो. त्यामुळे भाओजींनी मुलाला विचारायचं ते हे की, करार हातात पडेपर्यंतची वर्षं कुणाच्या पैशाने काढणार आहेस? याचं उत्तर त्याच्याकडे असेल तर पुढे बोलू.

सुहास१९
थोडक्यात, श्रीमंतांचा छंद. धागा संपला.

गिअरबदल
@सुहास१९, इतक्या लवकर नका संपवू. रॉस ब्रँच बोट्स्वानाचा, पेशाने वैमानिक. मोटरसायकल रॅलीचं कसलंही घराणं नसलेल्या देशातून आला आणि २०२४ मध्ये हीरोच्या गाडीवर डकारला दुसरा आला. त्याच वर्षी रॅली-रेडचा जागतिक विजेताही झाला. आपल्याकडचा सी. एस. संतोष मोटोक्रॉस-सुपरक्रॉसमधून वर आला आणि २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, ३६वा. तेव्हा हीरोची रॅली टीम नव्हतीच. आधी तो, मग टीम. आशिष रावराणे मर्चंट नेव्हीतला माणूस, तो २०२१ ला उतरला होता.

पैसा लागतो हे खरं. तो बापाचाच असावा लागतो असं नाही.

नकाशावाचक
मला वेगाच्या प्रश्नावर लिहायचंय, कारण मोटोक्रॉसमधून येणारी पोरं तिथेच अडकतात.

मोटोक्रॉसचा ट्रॅक दीड-दोन किलोमीटरचा, आणि तोच परत परत. तिसऱ्या फेरीला प्रत्येक उडी अंगात भिनलेली असते. रॅलीत आजची वाट आयुष्यात पहिल्यांदा बघायची आणि पुन्हा कधीच बघायची नाही. रोज काही शे किलोमीटरची स्पेशल, म्हणजे घड्याळ लावलेला भाग. तिच्या आधी आणि नंतर लायझन, म्हणजे नुसता प्रवास. असं दोन आठवडे.

वाट दाखवायला रोडबुक. हँडलच्या वर एक मनोरा असतो, त्यावर आयताकृती डबा. पूर्वी त्यात कागदाची गुंडाळी असायची, आता स्क्रीन आलीय. ओळीत तीन रकाने. डावीकडे अंतर, मधे बाण काढलेलं छोटं चित्र, उजवीकडे सूचना. चित्र दिसतं साधं, वाट दोन फाटे फुटते, आपण डावीकडे. पण प्रत्यक्षात तिथे चार फाटे असतात, त्यांतले दोन उंटांनी पाडलेले. सूचना फ्रेंच लघुरूपांत. 'एचपी' म्हणजे इथून वाटच नाही, उघड्यावर जा. 'कॅप २३५' म्हणजे होकायंत्रावर २३५ अंश धरा आणि तेच धरून ठेवा. धोक्याला उद्गारचिन्हं. एक असेल तर सावध, दोन असतील तर गॅस सोड, तीन असतील तर पुढे मरणाची जागा आहे असं समजून चाल.

हे सगळं डाव्या हाताच्या बटणांनी सरकवत, पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून, शंभराच्या वर वेगात वाचायचं. मान खाली गेली की त्या एका सेकंदात गाडी तीस मीटर पुढे गेलेली असते. म्हणून चांगला रायडर सरळ, मोकळा पट्टा मिळाला की पुढच्या तीन-चार ओळी वाचून डोक्यात ठेवतो आणि खडकाळ भागात रोडबुककडे बघतच नाही. नुसत्या वेगाचा रायडर उलटं करतो. मोकळ्या पट्ट्यात गॅस पिळतो आणि अवघड जागी वाचायला मान खाली घालतो.

आणि शॉर्टकट मारता येत नाही. वाटेत न दिसणारे वेपॉइंट, म्हणजे गाठायच्याच अशा ठरलेल्या जागा, पेरलेले असतात. ठरलेल्या अंतराच्या आत गेलात तरच यंत्रावर नोंद होते. एखादा चुकला तर दंड, नाहीतर परत फिरून शोधायचा. एका वेपॉइंटसाठी वाळूत वीस मिनिटं घिरट्या घालणारे जगज्जेते मी लाइव्ह टायमिंगवर बघितलेत.

मृण्मयी
वा, नकाशावाचक! हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. पण मग रोडबुक आदल्या रात्री पाठ का करत नाहीत?

जुनाजाणता
@मृण्मयी, करायचे ना. आम्ही बघायला लागलो त्या काळात रायडर संध्याकाळी तंबूत रंगीत पेनं घेऊन बसायचे. डावं वळण एका रंगात, उजवं दुसऱ्या, धोका लाल. मोठ्या टीमांनी तर 'मॅपमॅन' ठेवले. हे लोक उपग्रहाची चित्रं घेऊन रात्रभर रोडबुकाशी ताडून बघायचे आणि सकाळी रायडरला तयार उत्तरपत्रिका द्यायचे. गरीब रायडर एकटा डोळे फोडणार आणि श्रीमंत टीमचा झोपणार. शेवटी आयोजकांनी ते बंद केलं. २०२१ पासून रोडबुक सकाळी सुटायच्या थोडंसं आधी देतात, रंगवूनच.

माझ्या मते या खेळात गेल्या वीस वर्षांत झालेला हा सगळ्यात चांगला बदल आहे. इंजिन ४५० सीसीवर आणलं (२०११) त्याहूनही.

डोंगरवेडा
जरा उलटं बोलतो. "डोकं, डोकं" फार चाललंय. २०२५ ची डकार आठवा. डॅनियल सँडर्स प्रोलॉगला (सुरुवातीची छोटी शर्यत) पहिला आला आणि शेवटपर्यंत पुढेच राहिला. सरळ वेगाने चेपलं सगळ्यांना. तो एंड्युरोतून, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या लांब शर्यतींतून आलेला. भाच्याला वेग कमी कर असं शिकवू नका, वेग नंतर येत नाही. रोडबुक पंचविशीतही शिकता येतं.

नकाशावाचक
@डोंगरवेडा, सँडर्सचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. :)

स्टेज, म्हणजे एका दिवसाचा टप्पा, जिंकणारा दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी सुटतो. पुढे कोरी वाळू, एकही चाकाची खूण नाही. मागून काही मिनिटांच्या अंतराने सुटणाऱ्यांना त्याची रेघ दिसते. तो जिथे थांबून गोंधळला तिथे खुणांचं जाळं दिसतं, ते बघून हे बाजूने निघून जातात. त्यामुळे वर्षानुवर्षं रायडर मुद्दाम शेवटच्या टप्प्यात हळू व्हायचे, उद्या मागून सुटता यावं म्हणून. २०२३ पासून वाट काढणाऱ्याला बोनस मिळतो. पहिल्याला किलोमीटरमागे दीड सेकंद, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला अर्धा. आता पुढे राहून फायदा होतो, पण कुणाला? कोऱ्या वाळूत न चुकणाऱ्याला. सँडर्स रोज पुढे सुटून टिकला, त्यामागे नुसतं मनगट नव्हतं.

नुसत्या मनगटाचं उदाहरण हवं असेल तर जोआन बारेडा. जवळपास तीस स्टेज जिंकलेला माणूस. एकूण निकालात सगळ्यात वरचा नंबर पाचवा. पोडियम एकदाही नाही.

जुनाजाणता
बारेडावर अन्याय होतोय. २०१५ ला, डकार दक्षिण अमेरिकेत व्हायची तेव्हा, तो आघाडीवर होता. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठाच्या पठारावर पाणी साचलेलं, त्यातून स्पेशल काढली. खारं पाणी वायरिंगमध्ये शिरलं आणि गाडी बंद. सहकाऱ्याने दोरीने ओढत आणला. यात त्याच्या डोक्याचा काय दोष?

डोंगरवेडा
+१. माझा मुद्दा आता जुनाजाणता लढवतायत, मी बसतो.

नकाशावाचक
जुनाजाणता, त्याच मिठातून मार्क कोमाही गेला आणि ती डकार जिंकला, त्याची पाचवी. एका वर्षाचं नशीब मी समजू शकतो. बारेडाच्या बाबतीत ते दरवर्षी काहीतरी वेगळं रूप घेऊन यायचं.

टिवल्याबावल्या
बारेडा हा माझ्या वर्गातला मुलगा वाटतोय. प्रत्येक चाचणीत पहिला, वार्षिकला पेन बंद.

पानाहातोडी
वाचत होतो, राहवलं नाही. मी काही काळ एका खासगी टीमबरोबर मेकॅनिक म्हणून रॅली केल्यात (टीमचं नाव विचारू नका, राहिलेले पैसे अजून यायचेत).

तुम्ही सगळे स्पेशलमधल्या पाच-सहा तासांबद्दल बोलताय. करिअर टिकतं की नाही ते उरलेल्या अठरा तासांत ठरतं. रायडर दुपारी बिव्हॅकला, म्हणजे मुक्कामाच्या तळावर येतो. हेल्मेट काढलं की डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचा स्वच्छ गोल आणि बाकी तोंड पिठात बुडवल्यासारखं. हाताची बोटं ग्रिपच्या आकारात वळलेली, बाटलीचं झाकणही उघडत नाही. त्यात त्याने पहिल्या दहा मिनिटांत मला गाडीचं सगळं सांगितलं पाहिजे. पुढचा सस्पेन्शन कुठे खाली आपटला, क्लच कधी घसरला, कुठल्या वेगाला कंप आला. जो "गाडी ठीक आहे" म्हणून झोपायला जातो तो रायडर फार पुढे जात नाही.

रात्री आम्ही गाडी उघडतो. एअर फिल्टर, तेल, चेन, चाकं. टायरमध्ये हवा नसते, मूस असतो. फोमची जाड गोल कांडी, पंक्चरची भानगडच नको म्हणून. पण उष्णतेत लांबवर फुल गॅस ठेवला की तोच मूस आतून वितळतो आणि मागचं चाक लडबडायला लागतं. म्हणून मोकळ्या पट्ट्यातही कधी गॅस सोडायचा हे कळावं लागतं. मागचे टायरही मोजून मिळतात, २०२१ ला अख्ख्या रॅलीला सहा केले. इंजिन बदललं तर पंधरा मिनिटांचा दंड.

पहाटे, अंधारात, हा माणूस परत गाडीवर. जानेवारीत सौदीच्या वाळवंटात पहाटे हाडं गोठवणारी थंडी असते. तशात शे-दोनशे किलोमीटर डांबरी रस्त्यावरून लायझन. स्पेशलच्या सुरुवातीला पोचेपर्यंत हात बधिर. तिथून पुढे शर्यत सुरू.

मोटोक्रॉसमधून आलेली मुलं स्पेशलमध्ये थकत नाहीत. चौथ्या-पाचव्या पहाटे लायझनला गळतात.

पूर्वा
आणि मेकॅनिक परवडत नसेल तर?

पानाहातोडी
@पूर्वा, मग 'माल मोटो'. आता अधिकृत नाव 'ओरिजिनल बाय मोतुल'. मदतनीस नाही. ऐंशी लिटरची एक पेटी मिळते, त्यात हत्यारं, सुटे भाग, जे बसेल ते. पेटी आणि तंबू आयोजकांच्या ट्रकमधून पुढे जातात. दिवसभर चालवून आल्यावर स्वतःच फिल्टर बदलायचा, स्वतःच टायर. बिव्हॅकमध्ये त्यांच्या कोपऱ्यात रात्री उशिरापर्यंत हेडलॅम्प हलत असतात. फॅक्टरीचे, म्हणजे कंपन्यांच्या टीमांचे पगारी रायडरही त्यांच्याशी आदराने बोलतात, हे मी बघितलंय.

सुहास१९
माझं मत थोडं बदललं. श्रीमंतांचा छंद नाही, वेड्यांचा छंद.

हाडवैद्य
टोपणनावावर जाऊ नका, मी खरंच अस्थिरोगतज्ज्ञ आहे. रेवतीताईंनी धोक्याबद्दल लिहू नका म्हटलंय, पण 'किती वयापर्यंत चालतं' याचं उत्तर माझ्याच खात्यात येतं.

रायडर हात पुढे टेकून पडतो. अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड आहे, ते मोडतं. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जुळायला महिने लागतात. पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतही नाही, म्हणून 'मुरगळलंय' म्हणून सोडून देतात. टोबी प्राइसने २०१९ ची डकार हेच हाड धड जुळलेलं नसताना जिंकली. लोक टाळ्या वाजवतात, मला त्याच्या पन्नाशीतल्या मनगटाची काळजी वाटते. याच प्राइसची २०१३ मध्ये मान मोडली होती. जोआकिम रॉड्रिगेझ २०१८ ला हीरोसाठी पहिल्याच स्टेजला पडला, पाठीला गंभीर मार. पुढच्या वर्षी परत येऊन सतरावा. मग २०२२ ला त्याने एक स्टेज जिंकली, भारतीय कंपनीच्या गाडीने डकारमध्ये जिंकलेली पहिली.

हाडं जुळतात. डोक्याचं तसं नाही. २०२१ ला चौथ्या स्टेजला संतोष पडला, डोक्याला मार, औषधांनी कोमात ठेवावं लागलं. त्यातून तो बरा झाला, पण करिअरचा हिशेब हाडांवर नाही, मेंदूच्या आघातांवर मांडावा लागतो. एक आघात पूर्ण भरून येण्याआधी दुसरा झाला तर नुकसान कित्येक पटींनी वाढतं. भाच्याला एकच विचारा. पडल्यावर "मी ठीक आहे" हे तो स्वतः ठरवतो की डॉक्टर? जो रायडर हे दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार असतो तो पस्तिशीनंतरही चालवताना दिसतो. छाती-पाठ सांभाळणारं एअरबॅग जाकीट २०२१ पासून डकारला सक्तीचं आहे, सरावातही तेच घालावं.

रेवती_क
@हाडवैद्य, हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतेय. ताईला दाखवायचा की भाच्याला ते ठरलेलं नाही.

मृण्मयी
लाया सान्झचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? ट्रायलमधून आलेली. म्हणजे वेगाचा संबंधच नाही, दगडांवरून पाय न टेकता गाडी चढवायची. त्यात बायकांच्या गटात ती डझनावर वेळा जगज्जेती. २०११ ते २०२१ सलग अकरा डकार बाइकवर केल्या आणि अकराच्या अकरा पूर्ण केल्या. २०१५ ला एकूण निकालात नववी, बाईने मिळवलेला बाइकमधला सगळ्यात वरचा क्रमांक. मग चारचाकीत गेली.

अकरापैकी अकरा! बारेडाच्या स्टेज मोजणाऱ्यांनी हा आकडाही मोजावा.

नकाशावाचक
@मृण्मयी, अगदी. हेच म्हणत होतो पहिल्यापासून.

डोंगरवेडा
पण तिला पगार शेवट पूर्ण करण्याचा मिळत होता की नाव असण्याचा? प्रायोजकाला कॅमेऱ्यासमोर कोण येतं हेही बघायचं असतं. (टीका नाही, करिअरचा धागा आहे म्हणून.)

मृण्मयी
नाव कसं झालं, डोंगरवेडा? शेवट पूर्ण करूनच ना.

जुनाजाणता
दोघेही बरोबर आहात. त्यावरून आठवलं. रॅलीत एक नोकरी असते जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. 'पाणक्या' म्हणा हवं तर, फ्रेंचांत तसंच म्हणतात. मोठ्या रायडरच्या मागे टीम दुसरा रायडर ठेवते. म्होरक्याची गाडी बिघडली की आपलं चाक काढून त्याला द्यायचं आणि आपण वाळूत बसायचं. स्वतःचा निकाल दुय्यम. रुबेन फारिया सिरिल डेप्रेससाठी हे करायचा, जॉर्डी विलाडोम्स कोमासाठी.

गंमत बघा. फारिया २०१३ ला दुसरा आला, विलाडोम्स २०१४ ला दुसरा. पुढे फारिया होंडाच्या रॅली टीमचा प्रमुख झाला आणि विलाडोम्स केटीएमच्या. आयुष्यभर दुसऱ्याची शर्यत वाचत राहिलेल्या माणसांना टीम चालवता येते, हे टीमवाल्यांना बरोबर कळतं. कोमा स्वतः डकारचा क्रीडा संचालक झाला. डेप्रेस चारचाकीत गेला. पीटरहान्सेलने तर कहरच केला, बाइकवर सहा डकार जिंकल्या, कारमध्ये आठ, शेवटची २०२१ ला पंचावन्नाव्या वर्षी. तेव्हा 'किती वयापर्यंत' याचं उत्तर, बाइकवर साधारण चाळिशीपर्यंत, पण वाळवंट वाचता येत असेल तर वाळवंट सोडावं लागत नाही.

टिवल्याबावल्या
म्हणजे भाच्याने नोकरीच्या अर्जात लिहायचं: 'गरज पडल्यास चाक काढून देईन.'

सुहास१९
अवांतर: ते ४८ तासांचं काय प्रकरण असतं? मधे कुठेतरी वाचलं.

गिअरबदल
@सुहास१९, २०२४ आणि २०२५ च्या डकारमधली स्टेज. पहिल्यांदा सौदीतल्या रब अल खालीच्या वाळूत घेतली. दोन दिवसांची एकच स्पेशल. संध्याकाळचे चार वाजले की वाटेत मांडलेल्या तळांपैकी पुढचा जो येईल तिथे थांबायचं. तंबू, झोपायची पिशवी, खायचं पाकीट. मेकॅनिक नाही, फोन नाही, बाकीचे कुठे पोचले ते कळायचं नाही. कधी फॅक्टरी रायडरच्या शेजारी एखादा हौशी माणूस तंबू ठोकायचा. सकाळी परत सुरू.

२०२३ ची डकार तर शेवटच्या दिवशी सकाळी १२ सेकंदांच्या फरकाने उभी होती. प्राइस पुढे, केव्हिन बेनाविडेस मागे. चव्वेचाळीस तासांच्या वर चालवून बेनाविडेस ४३ सेकंदांनी जिंकला. हे असं बघितलं की त्या एका हुकलेल्या वेपॉइंटची किंमत कळते.

पूर्वा
पाउलो गोन्साल्विसबद्दल कुणी लिहील का? त्याच्यामुळे मी हा खेळ बघायला लागले.

जुनाजाणता
लिहितो. पोर्तुगालचा, २०१३ चा क्रॉस-कंट्री रॅलीचा जगज्जेता, २०१५ ला डकारला दुसरा. २०१६ ला माथियास वॉकनर मांडीचं हाड मोडून पडला तेव्हा हा शर्यत सोडून त्याच्यापाशी थांबून राहिला. (थांबलेला वेळ आयोजक परत देतात, पण ते नंतर.) २०२० ला हीरोकडून उतरला. तिसऱ्या स्टेजला इंजिन गेलं. वाळूत तासन्‌तास टीमच्या ट्रकची वाट बघत बसला, ट्रक आल्यावर इंजिन बदललं आणि स्टेज पूर्ण केली. निकाल हातचा गेला होता, तरी चालवत राहिला. सातव्या स्टेजला, १२ जानेवारीला, पडला आणि गेला. हीरोने त्या वर्षीच्या रॅलीतून माघार घेतली. टीममधला रॉड्रिगेझ त्याचा मेहुणा.

रेवतीताई, धोक्याचं नको म्हणाला होतात, पण हे नाव टाळून हा धागा पुढे नेणं बरं वाटलं नसतं.

रेवती_क
नाही, बरं झालं लिहिलंत.

सगळे प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवले. पगार, जखमा यांवर तो हूं हूं करत होता. रोडबुकवर मात्र सरळ उठून बसला. त्याला वाटत होतं जीपीएसवर रेघ असते. मग म्हणाला, "मावशी, मला भूगोलात किती होते सांगू नकोस त्यांना." सांगून टाकलं.

आता नेमकं विचारते. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याने काय करावं, जेणेकरून पुढे नाहीच जमलं तरी फार काही वाया गेलं असं होणार नाही?

डोंगरवेडा
मोटोक्रॉस सोडू नये. सोबत एंड्युरो सुरू करावं, लांब पल्ल्याचं. तीन-चार तास उभं राहून चालवायची सवय लागेल.

गिअरबदल
थेट डकारचं स्वप्न बाजूला ठेवून एक-दोन दिवसांच्या 'बाहा' शर्यती बघाव्यात, त्यांचा जागतिक कप आहे. मोठ्या रॅलींत तीन पायऱ्या असतात, रॅली-जीपी फॅक्टरीवाल्यांची, रॅली-२ आणि रॅली-३. तिसरीत एंड्युरोची गाडी चालते, खास रॅली बाइक घ्यावी लागत नाही. टीमवाल्यांची नजर रॅली-२ वर असते. एडगर कॅनेट १९ व्या वर्षी २०२५ ला डकारची रॅली-२ जिंकला आणि एकूण आठवा आला. आपल्या हरिथ नोआने २०२४ ला तीच जिंकली, एकूण अकरावा. पुढच्या वर्षी तो प्रोलॉगलाच पडून बाहेर, हेही भाच्याला सांगा.

पानाहातोडी
गॅरेजमध्ये बसवा. सुट्टीत फुकट काम करू दे. स्वतःचं चाक वाळूत, अंधारात, हेडलॅम्पवर बदलता आलं पाहिजे. रॅली जमली नाही तरी हाताला काम राहील. आणि इंग्रजीबरोबर थोडी फ्रेंच किंवा स्पॅनिश. बिव्हॅकमध्ये अर्धी कामं ओळखीने होतात.

हाडवैद्य
प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण. वाटेत पडलेल्या माणसापाशी पहिला पोचतो तो दुसरा रायडरच.

नकाशावाचक
आणि सगळ्यात आधी रस्त्याचा वाहन परवाना. हसू नका. लायझन चालू रहदारीच्या रस्त्यावर असते, गाडीला नंबरप्लेट असते, वेगमर्यादा मोडली की दंड वेळेत धरतात. ट्रॅकवर वाढलेल्या मुलांकडे कधी कधी परवानाच नसतो.

रोडबुकसाठी महागडं काही घेऊ नये. माहितीतल्या कच्च्या रस्त्यांवरून कुणाला तरी पुढे पाठवून अंतरं आणि वळणं कागदावर लिहून घ्यावीत, पट्ट्या चिकटवून गुंडाळी करावी. हाताने फिरवायचा साधा डबा हँडलवर बसवावा. सुरुवातीला चाळीसच्या वर जायचं नाही. वेग वाढवायचा तो चुका थांबल्यावर.

रेवती_क
परवान्याचं ऐकून भाओजी पहिल्यांदा हसले. त्याला आठव्या वर्षापासून गाडी येते आणि रस्त्यावर अजून सायकल चालवतो.

@नकाशावाचक, अंतरं लिहून घ्यायला पुढे कुणाला पाठवायचं? घरात बाइक चालवणारं दुसरं कुणी नाही. कारने केलं तर चालेल का?

नकाशावाचक
कारने चालेल, पण त्याला शेजारी बसवू नका, वाट पाठ होईल. अंतर दर काही किलोमीटरला एखाद्या ठळक खुणेशी, म्हणजे पूल, विहीर, फाटा, जुळवून शून्य करत जा. नाहीतर कारचा आणि बाइकचा आकडा हळूहळू फाकत जातो आणि पोरगं प्रत्येक वळण थोडं उशिरा घेतं. बाकी खुणा कशा काढायच्या त्याचा एक नमुना संध्याकाळी काढून टाकतो इथे.

टिवल्याबावल्या
कार कोण चालवणार, ताई की भाओजी? आणि शेजारी बसून अंतर कोण लिहिणार? त्याचं लाइव्ह टायमिंग टाका.